इन्फ्रारेड फोटोत मधोमध उमटणारा पांढरा डाग: हॉटस्पॉट ओळखायचा, टाळायचा आणि उरलाच तर काढायचा कसा

रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिराचा माझा पहिला इन्फ्रारेड फोटो मी चार जणांना मोठ्या कौतुकाने दाखवला होता. ऑक्टोबरातलं धुतलेलं ऊन, मागची झाडी बर्फ पडल्यासारखी पांढरी, आभाळ जवळजवळ काळं आणि मधोमध काळ्या दगडाचं ते देऊळ. भिंतीवर एक गोल, फिकट उजेड पडला होता. मला वाटलं, झाडातून आलेला कवडसा असेल. घरी मोठ्या स्क्रीनवर पुढचा फोटो उघडला, तर कवडसा त्यातही होता. देवळाच्या मागून काढलेल्या फोटोत होता, पुष्करणीच्या फोटोत होता, आणि प्रत्येक वेळी फ्रेमच्या बरोबर मध्यावर. महादेवाचं देऊळ म्हणून कुणीतरी भस्माचं बोट टेकवून जावं तसा. त्या दिवशीचे सगळे फोटो एफ/११ वर, म्हणजे ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र) बरंच लहान करून काढलेले होते (एफचा आकडा मोठा, तितकं छिद्र लहान), कारण लँडस्केप म्हटलं की एफ/११ हे डोक्यात पक्कं बसलेलं.

तो कवडसा नव्हता, हॉटस्पॉट होता. इन्फ्रारेडच्या वाटेला गेलेला जवळजवळ प्रत्येक जण त्याला एकदा तरी ठेचकाळतो. मीही आधी लेन्स पुसली, मग सेन्सर साफ करून आणला, मग कॅमेरा इन्फ्रारेडसाठी कन्व्हर्ट करून देणाऱ्याला दोष दिला. यातलं काहीच कामी आलं नाही.

पुढचं सगळं ज्यावर उभं आहे ती गोष्ट आधीच सांगून ठेवते. हॉटस्पॉट म्हणजे चित्रावर वरून ओतलेला जास्तीचा प्रकाश. दुधात पाणी घालावं तसा तो खालच्या चित्रात मिसळतो. त्यामुळे नुसता तो भाग काळा करून भागत नाही, मिसळलेलं वजा करावं लागतं. आणि वजा करण्यापेक्षा मुळात ओतूच न देणं कितीतरी सोपं.

हा उजेड येतो कुठून

आपल्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश दिसतो. कॅमेऱ्याच्या सिलिकॉन सेन्सरला त्याच्या पुढचा, सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंतचाही कळतो. म्हणून तर कंपन्या सेन्सरवर इन्फ्रारेड अडवणारी काच बसवतात, आणि आपण ती काढून तिच्या जागी ७२० किंवा ८३० नॅनोमीटरची काच बसवून घेतो. ज्यांना कॅमेरा उघडायचा नाही ते लेन्सच्या पुढे होया आर७२ सारखा, इन्फ्रारेडच आत सोडणारा फिल्टर लावतात आणि स्टँडवर कॅमेरा ठेवून कित्येक सेकंद शटर उघडं ठेवतात.

लेन्स बनवणाऱ्याने मात्र हिशेब धरलेला असतो तो डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाचा. कोटिंग नसलेल्या साध्या काचेच्या एका पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश माघारी फिरतो. कोटिंग त्याला आवर घालतं, पण ते दृश्य प्रकाशासाठी बेतलेलं असतं. त्यापलीकडे त्याचा जोर ओसरतो. एखाद्या झूममध्ये हवेला लागलेले २० पृष्ठभाग धरले, तर प्रकाश ज्यांच्यामध्ये टोलवला जाऊ शकतो अशा पृष्ठभागांच्या जोड्या होतात १९०. सलूनमध्ये समोरासमोर लावलेल्या आरशांत आपलं डोकं कसं रांगेने दिसत जातं, तसलाच प्रकार नळीच्या आत चालू असतो. त्यात सेन्सरही चकचकीत. तो प्रकाश मागच्या काचेवर फेकतो, ती काच पुन्हा सेन्सरवर.

दुसरं कारण मला जास्त गमतीचं वाटतं. लेन्सच्या नळीला आतून काळा रंग असतो, पण तो काळा आपल्या डोळ्यांपुरता. इन्फ्रारेडमध्ये माणसांचे फोटो काढले असतील तर लक्षात आलं असेल की काळा कुर्ता कधीकधी फिकट राखाडी दिसतो, काळी छत्री मळकट पांढरी होते. कारण बरीच रंगद्रव्यं इन्फ्रारेड शोषत नाहीत. नळीच्या आतल्या काळ्या रंगाचं, काळ्या ॲनोडाइझ केलेल्या ॲल्युमिनियमचं तेच. आपण समजतो आत काळोख आहे, आणि आत चुना दिलेला असतो.

आता ॲपर्चरची भानगड. छिद्र मोठं असताना हा टोलवलेला प्रकाश फ्रेमभर पसरतो, म्हणून तो जाणवत नाही, फार तर कॉन्ट्रास्ट किंचित मऊ वाटतो. छिद्र लहान करत गेलं की तोच प्रकाश मध्यावर गोळा होऊ लागतो. एफ/८ ला धूसर वाटोळं, एफ/११ ला ठळक, एफ/१६ ला तर कधीकधी कडा दिसतात आणि ॲपर्चरच्या पात्यांचा आकारही उमटतो. नंतर त्याच लेन्सवर एफ/१६ ला काढून पाहिलं, तर माझ्या त्या ‘कवडशा’ला सात कोन होते. लेन्सच्या ॲपर्चरला पाती सातच आहेत.

आधी खात्री करा की तो हॉटस्पॉटच आहे

सगळ्यात जास्त गल्लत होते फ्लेअरशी, म्हणजे थेट सूर्यप्रकाश लेन्सवर पडून उमटणाऱ्या डागांशी. सूर्य समोर किंवा बाजूला असताना येणारा फ्लेअर कॅमेरा हलवला की जागा बदलतो, लेन्सवर हाताची सावली धरली की बरेचदा जातो. हॉटस्पॉट हलत नाही. कॅमेरा कुठेही वळवा, तो मध्यावर ठाण मांडून असतो, सूर्य पाठीशी असला तरी.

डाग मध्याऐवजी कोपऱ्यात असेल, पट्ट्यासारखा असेल आणि फक्त लांब एक्स्पोजरमध्ये येत असेल, तर तो बहुधा आत शिरलेला प्रकाश आहे. डीएसएलआरवर पुढे फिल्टर लावून काम करणाऱ्यांनी व्ह्यूफाइंडर काळ्या कापडाने किंवा पट्टीच्या झाकणाने झाकून पुन्हा फोटो काढावा. कडा काळ्या आणि मध्य नीट असेल तर ते विन्येटिंग. ते ॲपर्चर लहान केलं की कमी होतं. हॉटस्पॉट बरोबर उलटा वागतो, आणि दोघांना वेगळं ओळखायची हीच सगळ्यात खात्रीची खूण.

ट्रेसिंग पेपरची चाचणी

इंटरनेटवर चांगल्या-वाईट लेन्सच्या लांबलचक याद्या मिळतात. त्या बघाव्यात, पण त्यांच्यावर विसंबू नये. एकच लेन्स एका कॅमेऱ्यावर स्वच्छ आणि दुसऱ्यावर डागाळलेली निघते, कारण सेन्सरसमोरची काच वेगळी असते. ७२० वर शहाण्यासारखी वागलेली लेन्स ८५० वर बिघडू शकते. तुमचा कॅमेरा, तुमचा फिल्टर, तुमची लेन्स, अशा तिघांच्या जोडीचीच चाचणी खरी. ती तासाभरात होते आणि खर्च येतो ट्रेसिंग पेपरच्या एका कागदाचा.

पहिली पायरी, ऊन. ही चाचणी घरात रात्री करायला जाऊ नका. एलईडी दिव्यांत आणि ट्यूबलाइटमध्ये आपल्याला हवा तो इन्फ्रारेड जवळजवळ नसतोच. मी एका रात्री तास घालवून ‘आपली लेन्स तर एकदम स्वच्छ आहे’ असा निष्कर्ष काढला होता. दुसऱ्या दिवशी उन्हात तो पडला. पिवळा, तापणारा जुना बल्ब किंवा हॅलोजन चालेल, पण ऊन सर्वांत बरं.

दुसरी, कागद. लेन्सच्या तोंडावर ट्रेसिंग पेपर ताणून रबरबँडने बसवा. सुरकुती नको. सूर्याकडे पाठ करून उन्हातल्या चुन्याच्या भिंतीकडे कॅमेरा धरा. कागदामुळे फ्रेमभर सारखा प्रकाश येतो. या पद्धतीत फ्रेमबाहेरचाही प्रकाश आत शिरतो, त्यामुळे चाचणी जरा कडकच आहे. असू दे.

तिसरी, फ्रेम घेणं. रॉ फॉरमॅट, आयएसओ १०० किंवा २००, फोकस मॅन्युअल करून अनंतावर, मोड ॲपर्चर प्रायॉरिटी. सर्वांत मोठ्या ॲपर्चरपासून सुरू करून पूर्ण एकेक स्टॉप खाली या, एफ/२२ पर्यंत. झूम असेल तर हेच किमान चार फोकल लेन्थना करा. १८-५५ सारख्या किट लेन्सला वीस-बावीस फ्रेम होतात. लाल चॅनेलचा हिस्टोग्राम उजव्या भिंतीला चिकटू देऊ नका. ७२० नॅनोमीटरच्या कन्व्हर्जनमध्ये आधी तोच भरतो, आणि भरलेल्या चॅनेलमध्ये डाग दडून बसतो.

चौथी, तपासणी. संगणकावर लेन्स प्रोफाइलची दुरुस्ती बंद करा, फोटो कृष्णधवल करा आणि कॉन्ट्रास्ट कमाल वाढवा. मग फोटो मोठे न करता लहान चित्रांच्या रांगेत बघा. डाग लहान चित्रात जास्त चांगला दिसतो. विन्येटिंगमुळे उजेड कडेकडे हळूहळू उतरत जातो. त्या उतारावर मधोमध एक वेगळा उंचवटा दिसला, की तो हॉटस्पॉट.

पाचवी पायरी बरेच जण गाळतात, आणि तीच खरी आहे. कागद काढा आणि एखादी अशी जागा शोधा जिथे मध्यावर काळोख आहे आणि भोवती उन्हातली झाडी. आमच्याकडे यासाठी उत्तम जागा म्हणजे सोसायटीच्या पार्किंगचं तोंड: आत अंधार, दोन्ही बाजूंना उन्हात न्हालेला अशोक. झाडी इन्फ्रारेडमध्ये भरपूर उजेड आत पाठवते, त्यातला थोडा टोलवाटोलवी करून मध्यावर पडतो, आणि तिथे काळोख असल्यामुळे लगेच उघडा पडतो. कागदावर पास झालेली लेन्स इथे नापास होताना मी पाहिली आहे.

निकाल लिहून ठेवा. माझ्या किट झूमच्या झाकणाच्या आत पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहिलं आहे: ‘१८: ११ पर्यंत. २४: ८ पर्यंत. ३५: ५.६, पुढे नको. ५५: ८ पर्यंत.’ मधलीच फोकल लेन्थ सर्वांत वाईट का, याचं साधं कारण म्हणजे झूम फिरवला की आतल्या काचा एकमेकांपासून सरकतात आणि टोलवलेला प्रकाश भलत्याच ठिकाणी जमतो. म्हणून झूमला एकच शेरा देऊन चालत नाही.

प्रत्यक्ष फोटो काढताना

पहिला आणि नव्वद टक्के कामाचा उपाय: ॲपर्चर उघडं ठेवा. एफ/५.६ धरून चाला, फार तर एफ/८.

इथे लँडस्केपवाले कुरकुरतात. पुढच्या दगडापासून मागच्या डोंगरापर्यंत सगळं धारदार कसं येणार? दोन हिशेब मांडते. डिफ्रॅक्शनने, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने होणारी अस्पष्टता तरंगलांबीच्या प्रमाणात वाढते. ८०० नॅनोमीटरचा प्रकाश हिरव्या, ५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाच्या जवळजवळ दीडपट लांब. म्हणजे इन्फ्रारेडमधलं एफ/८ डिफ्रॅक्शनच्या बाबतीत दृश्य प्रकाशातल्या एफ/११ ते एफ/१२ सारखं वागतं, आणि एफ/१६ वर ठिपक्याचा व्यास सुमारे ३१ मायक्रॉन होतो. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरचा एक पिक्सेल ४ मायक्रॉनच्याही आत असतो. तेव्हा एफ/१६ ला जाऊन धार वाढत नाही, उलट जाते, आणि वर हॉटस्पॉट फुकट मिळतो.

दुसरा हिशेब हायपरफोकल अंतराचा. एपीएस-सी कॅमेरा, १८ मिलिमीटर, एफ/५.६: फोकस सुमारे ३ मीटरवर ठेवलात तर दीड मीटरपासून अनंतापर्यंत सगळं चालण्याजोगं धारदार येतं. नाणेघाटात नानाचा अंगठा घेताना पायाशी दीड मीटरच्या आत तसंही गवतच असतं. त्याहून जवळचं काही हवं असेल तर स्टँडवर कॅमेरा ठेवून फोकस बदलत तीन फ्रेम घ्या आणि नंतर जोडा. एक मात्र पाहा: जुन्या लेन्सवरच्या अंतराच्या खुणा दृश्य प्रकाशाच्या असतात. इन्फ्रारेडचा फोकस थोडा सरकतो, म्हणून जुन्या लेन्सवर त्यासाठी लाल ठिपका असायचा. मिररलेस असेल किंवा डीएसएलआरच्या लाइव्ह व्ह्यूवर काम करत असाल तर हा प्रश्न येत नाही. कॅमेरा सेन्सरवर पडलेलं पाहूनच फोकस करतो.

धबधबा रेशमासारखा हवा म्हणून शटर लांबवायला ॲपर्चर बंद करणारेही असतात. मग ते एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काळी काच) शोधतात, आणि दुसरी निराशा पदरी पडते: रंगद्रव्यावर चालणारे बरेच एनडी इन्फ्रारेडला साध्या काचेसारखे पारदर्शक असतात. चष्मा काळा, पण सेन्सरला तो दिसतच नाही. त्यापेक्षा एफ/५.६ वरच सोळा-वीस फ्रेम लागोपाठ घ्या आणि नंतर त्यांची सरासरी काढा. पाणी मऊ होतं, डाग येत नाही आणि नॉइजही उतरतो.

सुरुवातीला मी हूडवर फार भरवसा ठेवला होता. हूड लावावाच, तो फ्रेमबाहेरचा प्रकाश अडवतो आणि फ्लेअर आवरतो. पण हॉटस्पॉट बहुतांशी फ्रेममधल्याच प्रकाशातून बनतो, तेव्हा त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. संरक्षणासाठी लावलेला यूव्ही फिल्टर मात्र काढून ठेवा. आरशांच्या दालनात आणखी दोन आरसे कशाला?

मग फ्रेमची मांडणी. डाग मध्यावर येणार हे माहीत असेल तर मध्यावर काय ठेवायचं ते आपल्या हातात असतं. पांढरी झाडी, ढग, उन्हातलं गवत ठेवलं तर तो त्यात विरून जातो. काळा पाषाण, सावलीतलं दार, तळ्याचं पाणी, निरभ्र आभाळ यांच्यावर तो उठून दिसतो. निळं आभाळ इन्फ्रारेडमध्ये काळवंडतं कारण हवेत विखुरला जाणारा प्रकाश तरंगलांबीच्या चौथ्या घाताने कमी होत जातो, आणि त्या काळ्या पाटीवर डाग खडूसारखा उमटतो. देऊळ मध्यावर न ठेवता डाव्या तिसऱ्या भागात ठेवलं की निम्मं काम होतं. मुळातच थोडं रुंद काढून नंतर एका बाजूने कापण्यातही लाज नाही.

देऊळ मध्यावरच हवं, एफ/११ च हवं, आणि हीच लेन्स आहे, अशी तिहेरी अडचण असेल तर दोन फ्रेमची युक्ती करा. स्टँडवर एक फ्रेम नेहमीची घ्या. मग कॅमेरा इतकाच वळवा की मघाशी मध्यावर असलेला भाग आता फ्रेमच्या एक तृतीयांशावर येईल, आणि दुसरी घ्या. एक्स्पोजर दोन्हींत मॅन्युअल आणि तेच. दुसऱ्या फ्रेममध्ये तो भाग स्वच्छ असतो. संगणकावर पॅनोरमासारख्या दोन्ही एकमेकींवर बसवून मास्कने तेवढा तुकडा उचलायचा. वारा असेल आणि झाडाची फांदी मध्ये येत असेल तर जोड दिसतो. दगडी बांधकामावर छान जमतं.

डाग आलाच तर

बहुतेक जण लाइटरूममध्ये गोल मास्क टाकून एक्स्पोजर खाली ओढतात. मीही तेच करत होते. निकाल असा येतो की पांढऱ्या डागाच्या जागी राखाडी डाग बसतो. कारण समजायला कच्चे आकडे घेऊ. समजा मध्यावर १० एकक जास्तीचा प्रकाश पडला. तिथलं उजळ पान २०० होतं ते २१० झालं, म्हणजे पाच टक्के वाढ. शेजारचा काळा दगड २० होता तो ३० झाला, म्हणजे थेट दीडपट. आता पानाकडे बघून एक्स्पोजर पाच टक्के उतरवलं तर दगड साडेअठ्ठावीसवरच अडकतो. दगडाकडे बघून उतरवलं तर पान १४० वर येऊन मळकट होतं. भागाकाराने हा हिशेब सुटत नाही. दोन्हीकडून १० वजा केले तरच सुटतो.

फोटोशॉपमध्ये किंवा गिम्पमध्ये ते असं करायचं. डागापेक्षा थोडं मोठं गोल सिलेक्शन घ्या आणि कडा भरपूर मऊ करा, इतक्या की गोलाच्या त्रिज्येच्या निम्म्याएवढा भाग विरण्यात जाईल. त्यावर लेव्हल्स लावा (फोटोशॉपमध्ये ॲडजस्टमेंट लेयर म्हणून) आणि डावीकडची काळी मूठ उजवीकडे सरकवा. हीच ती वजाबाकी. दगड पुन्हा काळा होईल, पानाला फारसा धक्का लागणार नाही. मग लागलीच तर मधली मूठ किंचित हलवा. शेवटी मास्कच्या कडेला मऊ ब्रशने हात फिरवा, कारण डाग क्वचितच अगदी वाटोळा असतो.

लाइटरूममध्येच राहायचं असेल तर गोल मास्क, फेदर १००, एक्स्पोजरला जवळजवळ हात लावू नका. ब्लॅक्स खाली आणि डिहेझ वर. डिहेझचं कामच धुक्याचा पसरलेला उजेड वजा करण्याचं, आणि हॉटस्पॉट म्हणजे लेन्सच्या आत पडलेलं धुकंच. +१५ ते +२५ पर्यंत बहुतेक वेळा पुरतं. नव्या आवृत्त्यांत मास्कला स्वतःचा कर्व्ह मिळतो. त्याचं डावं टोक तळाच्या रेषेवरून उजवीकडे ओढणं सर्वांत अचूक. प्रत्येक फेरीनंतर क्षणभर फोटो कृष्णधवल करून कॉन्ट्रास्ट ताणून बघा, नाहीतर डोळा सरावतो आणि डाग गेला असं वाटू लागतं.

रंगीत इन्फ्रारेड करणाऱ्यांसाठी क्रम महत्त्वाचा. व्हाइट बॅलन्स हिरव्या गवतावर, मग डागाची दुरुस्ती, मग लाल-निळ्या चॅनेलची अदलाबदल. हॉटस्पॉट तिन्ही चॅनेलमध्ये सारखा नसतो, म्हणून अदलाबदलीनंतर तो निळसर किंवा जांभळट होऊन बसतो, आणि मग उजेड आणि रंग अशी दोन भांडणं एकदम मिटवावी लागतात. लेव्हल्समध्ये एकेक चॅनेल वेगळा उघडून आधीच वजा केलात तर रंग आपोआप जागेवर येतो. कृष्णधवल करणाऱ्यांची आणखी सोपी सोय आहे: तिन्ही चॅनेल वेगवेगळे पाहा, ज्यात डाग सर्वांत फिका तो चॅनेल मिक्सरमध्ये जास्त घ्या.

एकाच सेटिंगवर काढलेले शंभर फोटो दुरुस्त करायचे असतील तर फ्लॅट-फील्ड, म्हणजे सारख्या उजेडाच्या कोऱ्या फ्रेमने प्रत्येक फोटोला भागणं. ट्रेसिंग पेपरची ती चाचणीची फ्रेमच इथे कामाला येते. रॉथेरपी हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याच्या रॉ विभागात फ्लॅट-फील्डमध्ये ती फाइल निवडा, ब्लरचा प्रकार ‘एरिया’ ठेवा. फाइल त्याच कॅमेऱ्याची, त्याच लेन्सची, त्याच फोकल लेन्थची आणि त्याच ॲपर्चरची हवी. लेन्स प्रोफाइलमधली विन्येटिंगची दुरुस्ती बंद करा, नाहीतर ती दोनदा होऊन कडा उजळतील. मात्र फ्लॅट-फील्ड हा भागाकार आहे. मघाचा दगड-पानाचा हिशेब आठवा. सारख्या उजेडाच्या दृश्याला, म्हणजे पठार, ढगाळ आभाळ, कुरण यांना तो सुंदर बसतो. काळोख्या दाराला बसत नाही. तिथे नंतर हाताने थोडी वजाबाकी करावीच लागते.

लेन्स घेण्याआधी

इन्फ्रारेडमध्ये महाग लेन्स चांगली असतेच असं नाही, आणि हे ऐकून बऱ्याच जणांना वाईट वाटतं. कॅननची जुनी ईएफ ५० एफ/१.८ टू आणि निकॉनची ५० एफ/१.८ डी या दोन्ही हॉटस्पॉटसाठी नावाजलेल्या आहेत. उलट कॅननची साधी ईएफ-एस १८-५५ आणि ४० एफ/२.८ एसटीएम यांना चांगलं म्हटलं जातं. तरी वर सांगितलं तेच: आपल्या कॅमेऱ्यावर बघितल्याशिवाय नाही.

जुन्या बाजारात लेन्स घेताना स्वतःचा कन्व्हर्ट केलेला कॅमेरा आणि घडी न पडलेला ट्रेसिंग पेपर घेऊन जा. दुकानदाराला सांगून दोन मिनिटं बाहेर उन्हात या, एफ/८, एफ/११ आणि एफ/१६ अशा तीन फ्रेम काढा, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर लहान करून बघा. दुकानात एलईडीच्या उजेडात घेतलेली फ्रेम काहीही सांगत नाही. कॅमेरा कन्व्हर्ट करायला देत असाल तर सेन्सरपुढे बसवणार त्या काचेला दोन्ही बाजूंनी अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग आहे का, आणि ते इन्फ्रारेडसाठी आहे का, हे आधी विचारून घ्या. सेन्सरच्या तोंडावरच कोटिंग नसलेली काच बसली तर चांगल्या लेन्सही डाग देऊ लागतात.

अमृतेश्वराला मी पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा गेले. किट झूम, १८ मिलिमीटर, एफ/५.६. भिंत काळी ती काळीच आली. पहिल्या खेपेची ती पन्नास मिलिमीटरची प्राइम (झूम नसलेली) लेन्स आता भाच्याकडे आहे. साध्या कॅमेऱ्यावर ती इतके देखणे फोटो देते की मावशीने असली लेन्स उगाच कशी काय देऊन टाकली, हे त्याला अजून उलगडलेलं नाही.